नाना, तू हरला नव्हतास

नाना, समाचाराला आलेल्या माणसांनी पडवी भरली होती, काकीने तुझ्या दिव्यात नुकतंच तेल घातलं होतं, आणि मी त्या दिव्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "हरलास, नाना."

मोठ्याने म्हणजे वर्गात बोलते तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. नुसती पुटपुटले असते तर निदान माझं मलाच ठाऊक राहिलं असतं.

दिव्याजवळ कुणीतरी बसायचं असतं. "जरा बस गो बाय, मी पाठ टेकते," म्हणून काकीने मला बसवलं होतं. बसल्या बसल्या मी फोन बघितला. बातमी होती. अमेरिकेच्या अध्यक्षाने आणीबाणीचं कारण पुढे करून जगभरच्या मालावर जो आयातकर लावला, तो लावायचा अधिकार त्याला नाही, तो तिकडच्या संसदेचा, असं तिथल्या कोर्टाने म्हटलं होतं. हेच वाक्य मी तुला किती रविवार सांगत आले होते. वाचलं आणि मान आपोआप तुझ्या कोपऱ्याकडे वळली, जिथे तू जाळं मांडीवर घेऊन बसायचास तिकडे. तिथे तू नव्हतास, दिवा होता. मग मी दिव्याला सांगितलं.

कोपऱ्यातली एक म्हातारी पदर तोंडाला लावत म्हणाली, "हरलाच गो तो. मरणापुढं कोण जिंकतो." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं मी रडते आहे. आणि नाना, मी त्यांना तसंच वाटू दिलं. डोळ्याला कोरडीच ओढणी लावली.

दाराशी दादा उभा होता. तुझा मुलगा, आपला प्रत्येक वाद ऐकत आलेला. त्याला बरोबर कळलं मी काय बोलले ते. त्याने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "आज पण?"

त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. फोन केला, उचलला नाही. तुझ्या कार्याला आले, मागे बसले. पंगतीत तो भात वाढत होता, प्रत्येकाला "घे रे, घे गो" म्हणत होता. माझ्या पानाशी थांबला नाही. दापोलीला परतताना एसटीत मी विचार करत होते, की हर्णेला येणारी ही माझी शेवटची फेरी असेल काय. ज्या घरात मी पायातल्या चपला न बघता, हक्काने शिरते, असं ते एकच घर आहे.

मला लाज वाटते, नाना. ती शब्दांत नीट धरायची म्हणून लिहायला बसले, तर आठवतायत ते सगळे वादच.

पहिला वाद तूच काढलास. तोवर माझ्या शिक्षणाबद्दल मला घरात कुणी काही विचारलेलं नव्हतं. आपल्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पदवी मिळाली तेव्हा पेढे वाटले, फोटो काढला, तो अजून तुमच्या शोकेसमध्ये शंखाशेजारी आहे. पण राज्यशास्त्र म्हणजे काय, त्यात काय असतं, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. एका आत्याने विचारलं होतं, "म्हंजे आता तलाठी होणार काय?" पुढे एमए झाले, दापोलीला ज्युनिअर कॉलेजात लागले, तरी घरी आल्यावर माझं काम कोळंबी सोलायचंच. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला माझ्या शिकण्याचा गर्व आहे, आजही आहे. पण घरात तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

मग एका रविवारी तू जाळं सांधता सांधता म्हणालास, "बाय, तू राजकारण शिकलीस ना?"

"राज्यशास्त्र."

"तेच ते. मला सांग, अमेरिका आपली दर्यातली कोळंबी घेत नाय म्हणे. आपल्या जाळ्यात कासवं अडकतात म्हणून. कायदा हाय म्हणे तसा. खरा काय?"

बंदरावर मासळीच्या लिलावात एक्सपोर्टच्या माणसाने तुला ते सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं सांगायला जीभ वळेना, म्हणून म्हणाले, पुढच्या रविवारी सांगते. आठवडाभर शोधलं. खरं होतं. कासवाला बाहेर पडायला ज्या जाळ्यात वाट ठेवलेली नाही, त्या जाळ्यातली कोळंबी त्यांच्या देशात यायची नाही, असा त्यांचा कायदा आहे. तुला सांगितलं तेव्हा तुझ्या हातातली सुई थांबली.

"कासव जाळ्यात आलं तर माझा बाप त्याला हळदकुंकू लावून परत सोडायचा. मी पण सोडतो. ते त्यांनी कुणाला विचारलं काय?"

"तेच तर म्हणते मी. इथलं काही माहीत करून न घेता तिथे बसून कायदे करतात."

मला वाटलं, आपलं एकमत झालं. तू सुई परत चालवायला घेतलीस. "पण कायदा चांगला हाय."

"आत्ता तर चिडला होतास."

"मी सोडतो, सगळे सोडतात काय? लाईट लावून मासळी ओढणाऱ्या बोटींना आपल्याकडं कायदा नाय? हाय. कोण पाळतो? तिकडं कायदा केला तर माल बंदरात अडतो. आपल्याला ते आवडलं."

मी उखडले. म्हणाले, कासवाची काळजी करणाऱ्या त्या देशात माणसाची नोकरी गेली की बहुतेकांचा आजारपणाचा विमाही जातो. एवढा श्रीमंत देश, आणि आजारी माणसाने आधी दवाखाना परवडेल का ते बघायचं. नागरिक म्हणून जे मिळायला हवं ते त्यांनी मालकाच्या हातात दिलंय. आधी ते बदला म्हणावं, मग आमची जाळी तपासा.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि आत बघून म्हणालास, "ऐकलंस काय गो? अमेरिकेत जन्माला यायचं तर कासव होऊन यायचं."

काकी चहा घेऊन आली तेव्हा तिच्या हातातली बशी हसण्याने वाजत होती.

तिथून सुरू झालं. दर रविवारी मी आठवडाभर वाचलेलं घेऊन यायचे आणि तू त्यातलं काहीही मान्य करायचा नाहीस. अमेरिकेत अध्यक्ष निवडताना राज्यवार मतं धरतात, त्यामुळे देशभरात कमी मतं मिळालेला माणूसही जिंकू शकतो, ही पद्धत काढूनच टाकली पाहिजे, असं मी म्हणाले होते. तू म्हणालास, "मुंबईची डोकी आणि हर्णेची डोकी एका ढिगात मोजलीस तर हर्णेचं कोण ऐकणार?"

"नाना, माणसं मोजायची असतात, गावं नाही."

"गाव नसलं तर माणूस उभा कुठं करशील मोजायला?"

तू जाळं गुंडाळलंस, बोट वर केलंस आणि लिलावातल्या आवाजात म्हणालास, "एकवार. दोनवार." आणि उठलास.

"आणि तीनवार?"

"तिसरा पुढच्या रविवारी."

हे तुझं नेहमीचं. इतकी वर्षं हर्णेच्या वाळूत तू मासळीचा लिलाव पुकारलास. होडीतून, बैलगाडीतून आलेली पाटी वाळूत ओतली की बोली सुरू, आणि तू तीनवार म्हणालास की संपलं, त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी एकदा विचारलं, घरात कधीच तीनवार का म्हणत नाहीस? तर म्हणालास, "तीनवार म्हटलं की माल जातो. घरातलं काय विकायला काढायचं हाय?"

गाव नसलं तर माणूस उभा कुठं करायचा, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एसटीत सुचलं होतं, आणि परत सांगायचं राहून गेलं. आता सांगते. हर्णेची निम्मी पोरं मुंबईला आहेत, नाना. तुझा धाकटाही तिथेच आहे. इथे असताना त्याच्या मताचं जेवढं वजन, तेवढंच तिथे गेल्यावर का असू नये? पोटासाठी गाव सोडलं म्हणून माणूस हलका का व्हावा? यावर तू काहीतरी बोललाच असतास. काय, ते मी बरेच दिवस मनात जुळवून बघते आहे. तुझा आवाज येतो, पण त्यातलं वाक्य येत नाही.

मग तो आयातकर आला. तुला मी समजावलं होतं, की आपली दर्यातली कोळंबी तिकडे जातच नाही, पण दुसऱ्या राज्यांतली तळ्यातली कोळंबी जायची, ती कर वाढल्यावर अडली, इथल्याच बाजारात फिरली आणि आपला भाव पडला. बंदरावर बायका तोंड पाडून बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी हा माझ्या बाजूला येईल.

तू म्हणालास, "तिकडं पण कोळी असतील ना? त्यांची कोळंबी पडून राहत असेल. त्यांच्यासाठी कोणतरी काय करतो तर तुला राग का?"

मला इतका राग आला की मी उभी राहून बोलायला लागले. तो कोळ्यांसाठी वगैरे काही करत नाही, म्हणाले. कर जातो तिथल्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून. आणि मुख्य म्हणजे, कर लावायचा तो लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने, एका माणसाच्या सहीने नाही. ज्या देशाने आमच्या संमतीशिवाय कर नको म्हणून राजा झुगारला, त्याने पुन्हा एकाच माणसाच्या हातात कर द्यावा? आणीबाणी लावायला अध्यक्षाची सही चालते, तर ती टिकायला संसदेचं मतदान लागलं पाहिजे. ठरावीक मुदतीत मतदान झालं नाही तर ती आपोआप संपली पाहिजे. एवढी एक सुधारणा त्यांनी केली तरी खूप झालं. हे माझं मत आजही आहे. तुझ्या दिव्यासमोर मी जे वागले त्याची लाज वाटते, पण या मताची नाही.

"संसदवाल्यांना पाहिजेच कुठं हाय तो अधिकार?" तू शांतपणे विचारलंस. "अधिकार घेतला की शिव्या पण घ्यायला लागतात. शेठवर सोडलं की शिव्या शेठला."

"कोर्ट अडवेल त्याला."

"अडवील. मग तो दुसऱ्या वाटेनं आणील. बंदरात पोलीस उभा केला तर माल खाडीतून येतो, ठावं नाय तुला?"

"लोकशाही आहे ती, चोरबाजार नाही."

"लाव पैज."

पैज तूच ठरवलीस: कोर्टाने अडवल्यावर कर संपला तर मी जिंकले, दुसऱ्या वाटेने आला तर तू. जो हरेल त्याने लिलावात उभं राहून तीन वेळा पुकारायचं की दुसरा बरोबर होता. काकी म्हणाली, "हिचा आवाज तरी पोचंल काय तिथं?" तू म्हणालास, "पुकारणार मीच असेन, म्हंजे प्रश्नच नाय." मला तेव्हा वाटलं, हरायची तयारी तू आधीच केलीयस. आता वाटतं, मला तसं वाटावं म्हणूनच बोलला असशील. खरं काय ते कळायचं राहिलं.

दिव्याजवळची ती बातमी मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये परत उघडली. कशासाठी ते मला माहीत आहे. पुन्हा एकदा जिंकायला. या वेळी खालपर्यंत वाचली. खाली लिहिलं होतं, की दुसऱ्या एका कायद्याचा आधार घेऊन नवा कर लावायची तयारी सरकारने आधीच सुरू केली आहे. त्याच बातमीत होतं ते, फोटोच्या खाली. मी बोट वर सरकवलंच नव्हतं. दरवर्षी पोरांना सांगते, मथळा म्हणजे बातमी नव्हे, शेवटपर्यंत वाचा.

तू हरला नव्हतास, नाना. तू म्हणाला होतास अगदी तसंच चाललं होतं, खाडीतून.

आणि समजा, हरला असतास. तरी मेलेल्या माणसाच्या दिव्याला कुणी तसं म्हणतं काय? मी स्वतःला विचारलं, त्या क्षणी मला नेमका आनंद कशाचा झाला? उत्तर आवडलं नाही, पण लिहिते. तुझ्या तोंडून मला एकदा ऐकायचं होतं, "बाय, तुला जास्त कळतं." एवढंच. बाकीच्यांनी शिकलेली म्हणून मला पाटावर बसवलं आणि विषय बदलला. तू एकटा समोर बसलास, आणि तूच एकटा ते म्हणायचा नाहीस. ते आता कधीच ऐकायला मिळणार नाही, हे मला तुझ्या दिव्याशेजारी बसल्यावर कळलं होतं, आणि मी ते अमेरिकेच्या कोर्टाकडून वसूल करायला गेले.

खरं तर तू ते म्हणाला असतास तर पुढच्या रविवारी मला विचारलंच नसतंस. ज्याला जास्त कळतं त्याच्याशी कोण वाद घालतं? हे मला तू असताना कळायला हवं होतं. तू मला पहिला प्रश्न विचारलास, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. दर वेळी फक्त उत्तर दिलं.

काकीकडे क्षमा मागायला गेले होते. ती वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, फोन, बातमी, कोरडी ओढणी. तिने सोललेली सालं बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझं नि त्याचं ते. मी त्यात तेव्हा पडले नाय, आता कशाला पडू?" मी उठले तर मागून म्हणाली, "पैज लावली होती ना गो तुम्ही? मग?"

तशीच बंदरावर गेले. दिवस कलला होता, बैलगाड्या पाण्यात पार चाकाच्या आसापर्यंत उतरल्या होत्या. तुझ्या जागी दादा पुकारत होता. त्याने मला बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. एक ढीग गेला, दुसरा ओतेपर्यंत जरा उसंत होती, तेवढ्यात मी पुढे झाले आणि म्हणाले, "नाना बरोबर होता."

वाऱ्याने ते माझ्या तोंडापुढूनच नेलं. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "काय गो, काय विकतेस?"

"प्रोफेसरीण हाय ती. नानाची," दुसरी म्हणाली.

"मग जोरात बोल बाय. हितं वर्ग नाय."

मी जोरात म्हणाले. आता माणसं वळली. कुणीतरी विचारलं, नाना कशात बरोबर होता? मी सांगायला लागले, अमेरिका, कर, कोर्ट, दुसरा कायदा. आपल्याच आवाजाने कान तापले होते. टोपलीवाली मध्येच म्हणाली, "असं कसं? नाना तर आमाला उलटंच सांगायचा. कोर्ट अडवणार म्हणायचा, कर संसदेनं लावायचा असतो म्हणायचा. दर सोमवारी. आमी नाय म्हटलं तर चिडायचा. म्हणायचा, आमची बाय शिकलीय त्यातलं."

त्यावर दोघीतिघी हसल्या. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. माझी मतं तू या वाळूत आणून माझ्याच बाजूने भांडत होतास, आणि घरी माझ्यासमोर दुसऱ्या बाजूला बसत होतास. मी वाळूकडे बघत उभी राहिले. त्या दिव्यासमोर वाटली नव्हती तेवढी लाज मला तिथे वाटली.

हे सगळं छापायला देते आहे, कारण चारचौघांत बोलले ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं. वाळूतल्या माणसांनी ऐकलं, पण पडवीतली सगळी माणसं तिथे नव्हती.

त्या संध्याकाळी वाळूत मी उभीच होते. ढीग ओतला गेला होता, कोळंबीचा. दादाने बोली सुरू केली नाही. त्याने बोट वर केलं, अगदी तुझ्यासारखं, आणि माझ्याकडे न बघता पुकारलं, "नाना बरोबर. एकवार."

बोलीची वाट बघावी तशी त्याने गर्दीवरून नजर फिरवली.

"दोनवार."

मी तिसऱ्याची वाट बघत होते. त्याने बोट खाली घेतलं, वाकून कोळंबी हाताने पसरली आणि भाव पुकारायला लागला.

"दादा," मी म्हणाले, "तिसरा?"

"रविवारी ये," तो म्हणाला, आणि पुढची बोली घेतली.